शंभर पीपीएमच्या आत आहे, पण आत नेमकं काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एम.एस्सी. करून सहा महिन्यांपूर्वी एका बायोफार्मा कंपनीत क्यूसीला लागलो. आमच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी औषधाच्या प्रत्येक बॅचमधली होस्ट सेल प्रोटीन्स, म्हणजे एचसीपी (औषध बनवणाऱ्या पेशींची स्वतःची, मालात उरलेली प्रोटीन्स), आम्ही एलायझाने, म्हणजे प्लेटवर बसवलेल्या अँटिबॉडींनी प्रोटीन पकडणाऱ्या चाचणीने मोजतो. एकाच नमुन्याचे वेगवेगळ्या डायल्युशनला वेगवेगळे आकडे येतात. सरांना दाखवलं तर म्हणाले, सगळे शंभरच्या आत आहेत ना, मग सही कर. शंभर पीपीएमच्या आत असलं की झालं का? आणि नसेल झालं, तर करायचं काय?"

आकडेही पाठवलेस ते बरं केलंस, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. इतरांसाठी ते पुन्हा मांडते. नमुन्यात अँटिबॉडी आहे 20 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. दहापट पातळ केल्यावर प्लेटवर एचसीपी दिसलं 18 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. दहाने गुणून वीसने भागलं की 9 पीपीएम, म्हणजे अँटिबॉडीच्या दर मिलिग्रॅममागे 9 नॅनोग्रॅम, दहा लाखांत नऊ भाग. वीसपटीला 15 नॅनोग्रॅम, म्हणजे 15 पीपीएम. चाळीसपटीला 12, म्हणजे 24 पीपीएम. ऐंशीपटीला 7.5, म्हणजे 30. एकशेसाठपटीला 3.8, म्हणजे पुन्हा 30च्या आसपासच.

आमटीत पाणी वाढवत गेलं तरी हिशेबाने डाळ तेवढीच निघायला हवी. तुझ्याकडे ती नऊवरून तीसवर गेली. हे हाताच्या चुकीचं लक्षण नाही. पिपेट चुकलं असतं तर आकडे वर-खाली उडाले असते. इथे ते एका दिशेने चढले आणि मग सपाट झाले. याचा अर्थ बहुधा एकच निघतो. प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) हजारो प्रोटीन्सविरुद्धच्या अँटिबॉडीचं मिश्रण बसवलेलं असतं, पण प्रत्येक प्रोटीनच्या वाट्याला आलेल्या जागा मोजक्या असतात. नमुन्यात एखादंच प्रोटीन बाकीच्यांपेक्षा खूप जास्त असेल, तर त्याच्या सगळ्या जागा भरतात आणि उरलेलं प्रोटीन धुण्यात वाहून जातं. नमुना पातळ करत गेलं की गर्दी कमी होते, सगळ्यांना जागा मिळते आणि आकडा खऱ्याजवळ येतो. म्हणून जिथे तो सपाट होतो तिथला धरायचा: तुझ्या बाबतीत 30.

काही ठिकाणी एसओपीत, म्हणजे कामाच्या लिखित पद्धतीत, लिहिलेलं असतं की कर्व्हच्या मोजता येणाऱ्या पट्ट्यात बसणाऱ्या सगळ्या डायल्युशनची सरासरी घ्या. तुझ्या पाच आकड्यांची सरासरी 22च्या आसपास येते. ती नमुन्यातल्या कुठल्याच गोष्टीचं माप नाही.

आणि 9 काय, 30 काय, दोन्ही शंभरच्या आतच आहेत, हे सरांचं म्हणणं खरं आहे. पण या चढाने तुला दुसरीच बातमी दिली आहे: तुमच्या मालात एक विशिष्ट प्रोटीन घुसून बसलंय आणि ते शुद्धीकरणाच्या सगळ्या पायऱ्या ओलांडून शेवटपर्यंत आलंय. ते कोणतं, हे एलायझा सांगू शकत नाही. का, ते कळायला त्या प्लेटवरच्या अँटिबॉडी कुठून येतात ते बघावं लागेल.

तुमचा माल बनवणाऱ्या चो पेशी म्हणजे चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशी. थिओडोर पक यांनी 1957 मध्ये त्या वेगळ्या काढल्या. चो पेशींतलं पहिलं औषध, रक्ताची गाठ विरघळवणारं टीपीए, 1987 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. 2011 मध्ये या पेशींचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे 24 हजार जीन्स असल्याचा अंदाज निघाला. पेशी आपली अँटिबॉडी बनवते ती फावल्या वेळात नव्हे, पण स्वतःचा संसारही चालवतेच. त्या संसाराची हजारो प्रोटीन्स हार्वेस्टमध्ये, म्हणजे पेशी वाढवून झाल्यावर काढलेल्या द्रवात येतात. काही पेशीने बाहेर टाकलेली, काही पेशी मरून फुटल्यावर सांडलेली.

एलायझासाठी आधी नल सेल वाढवतात, म्हणजे जिच्यात औषधाचा जीन घातलेलाच नाही अशी तीच पेशी, शक्यतो त्याच प्रक्रियेने. तिचं हार्वेस्ट शेळ्यांना किंवा सशांना टोचतात, महिनोन्महिने. मग त्यांच्या रक्तातून अँटिबॉडी काढून शुद्ध करतात. स्वतःच्या प्रक्रियेसाठी असा संच बनवायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेक जण बाजारातलं तयार किट वापरतात, आणि त्यात गैर काही नाही. गैर हे, की फेज थ्रीपर्यंत, म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या चाचण्यांपर्यंत, तेच किट चालू राहतं आणि विचारायला कुणी जात नाही.

आता त्या शेळीच्या जागी उभा राहून बघ. तिला हजारो अनोळखी प्रोटीन्स एकदम टोचली. जी मोठी आहेत, भरपूर आहेत, तिच्या स्वतःच्या प्रोटीन्सहून वेगळी आहेत, त्यांच्याविरुद्ध ती जोरात अँटिबॉडी बनवते. जी लहान आहेत किंवा अगदी थोडी आहेत, त्यांच्याकडे तिचं लक्षच जात नाही. आणि अॅक्टिन, हिस्टोन यांसारखी प्रोटीन्स, जी हॅमस्टरमध्ये आणि शेळीत जवळजवळ सारखीच असतात, ती तिला घरचीच वाटतात. शेळीने ज्याला ओळखलं नाही ते तुझ्या प्लेटला दिसत नाही. शून्य पीपीएम आलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की शेळीच्या ओळखीचं कुणी सापडलं नाही.

म्हणून अँटिबॉडीची कव्हरेज, म्हणजे त्या किती प्रोटीन्स ओळखतात ते, तपासतात. पूर्वी टू-डी जेल चालवायचो: एका जेलला रंग देऊन सगळी प्रोटीन्स बघायची, दुसऱ्याचा ब्लॉट करून अँटिबॉडीने ओळखलेली बघायची, आणि दोन्हीकडचे ठिपके जुळवायचे. मी आणि माझी सहकारी, दोघींनी एकच ब्लॉट लाइट बॉक्सवर ठेवून वेगवेगळा मोजला होता. तिचे ठिपके माझ्यापेक्षा साठ-सत्तरने कमी आले. दोघीही प्रामाणिक होतो, पण कोणता ठिपका आणि कोणता डाग हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर. हल्ली अँटिबॉडी कॉलमवर बसवून त्यावरून हार्वेस्ट सोडतात आणि काय काय धरलं गेलं ते मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून प्रोटीन ओळखणाऱ्या यंत्रावर बघतात. त्यात निदान प्रोटीनची नावं तरी मिळतात. तुमच्या किटचा असा अहवाल कंपनीकडे आहे का, हे विचार. असेल तर त्यात टक्केवारी बघण्याआधी यादी बघ.

आता शंभरच्या आकड्याकडे. औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचचं क्यू6बी हे मार्गदर्शक 1999चं. अशा अशुद्धी मोजा, कमी करा, त्यांची मर्यादा ठरवा असं ते सांगतं, पण एचसीपीसाठी आकडा देत नाही. अमेरिकन फार्माकोपियाच्या (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथाच्या) 1132 क्रमांकाच्या प्रकरणात आणि युरोपियन फार्माकोपियाच्या 2.6.34 मध्येही मोजायचं कसं याचीच चर्चा आहे. शंभर ही उद्योगाची वहिवाट आहे. ती पडली कारण बहुतेक मंजूर अँटिबॉडी एक ते शंभरच्या दरम्यान बसत होत्या. म्हणजे करता येत होतं तेवढं करून झालं आणि मग त्यालाच मर्यादा म्हटलं गेलं.

शिवाय पीपीएम हे प्रमाण आहे, रुग्णाच्या अंगात जाते ती मात्रा. एका वेळी 500 मिलिग्रॅम द्यायच्या अँटिबॉडीत 100 पीपीएम असेल तर 50 मायक्रोग्रॅम परकं प्रोटीन शिरेत गेलं. अर्धा मिलिग्रॅम द्यायच्या औषधात तेच 100 पीपीएम म्हणजे 50 नॅनोग्रॅम. हजारपट फरक, अहवालावर मात्र आकडा तोच. त्यात ते शिरेतून दिलं की त्वचेखाली, एकदा की जन्मभर, रुग्ण केमोथेरपीवरचा की रोगप्रतिकारशक्ती शाबूत असलेलं मूल, हे सगळं बघावं लागतं. त्वचेखाली पुन्हा पुन्हा टोचणं हा लस देण्याचा मार्ग आहे, हे आपण बायोटेकवालेच विसरतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. ऑम्निट्रोप हे सँडोझचं ग्रोथ हार्मोन, ई. कोलाय या जिवाणूत बनणारं, 2006 मध्ये युरोपात मंजूर झालेलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाच्या धर्तीवर बनवलेलं औषध. त्याच्या सुरुवातीच्या चाचणीतल्या मालात ई. कोलायची प्रोटीन्स जास्त राहिली होती, आणि जवळपास 60 टक्के मुलांच्या रक्तात चक्क ग्रोथ हार्मोनविरुद्धच अँटिबॉडी दिसल्या. म्हणजे अशुद्धीने स्वतःविरुद्ध प्रतिक्रिया उठवलीच, वर औषधाविरुद्धही शरीराला चिथावलं. शुद्धीकरणाची जादा पायरी घातल्यावर हे प्रमाण उतरलं. दुसरं उदाहरण हिमोफिलिया बीच्या रुग्णांसाठीच्या आयबी1001 या रिकॉम्बिनंट फॅक्टर नाइनचं, म्हणजे पेशींत बनवलेल्या, रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनचं. चाचणीतल्या रुग्णांमध्ये चो प्रोटीन्सविरुद्ध अँटिबॉडी आढळल्या म्हणून जुलै 2012 मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, चाचण्या थांबवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते औषध बनवणारी इन्स्पिरेशन बायोफार्मास्युटिकल्स दिवाळखोरीच्या अर्जाला लागली. शुद्धीकरण सुधारून तेच औषध पुढे दुसऱ्या मालकाकडून 2015 मध्ये इक्सिनिटी नावाने मंजूर झालं. औषध चांगलंच होतं.

पण तुझ्या प्लेटशी थेट नातं आहे ते लेब्रिकिझुमॅबचं. आयएल-13 या दाह वाढवणाऱ्या रेणूविरुद्धची ही अँटिबॉडी जेनेनटेक-रोशने दम्यासाठी फेज थ्रीपर्यंत नेली होती. तिथेही एलायझात डायल्युशनबरोबर आकडा चढत होता, अगदी तुझ्यासारखा. खोदत गेल्यावर सापडलं पीएलबीएल2: फॉस्फोलायपेज बी-लाइक 2, हॅमस्टरचं एक प्रोटीन. एलायझात त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी होत्या, पण पुरेशा नव्हत्या. मालात ते काही बॅचेसमध्ये 300 पीपीएमच्या वर होतं. सुमारे 90 टक्के रुग्णांत पीएलबीएल2विरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या. सुदैवाने त्याचा रुग्णांच्या तब्येतीवर वाईट परिणाम दिसला नाही. तरीही ल्यूट आणि व्हर्स या दोन फेज थ्री चाचण्या मध्येच फेज टूबीमध्ये उतरवाव्या लागल्या. हीच अँटिबॉडी नंतर एली लिली कंपनीने एक्झिमासाठी पुढे नेली आणि 2024 मध्ये अमेरिकेत ती मंजूर झाली, हा पुढचा भाग. पण फेज थ्री चालू असताना असं काही सापडण्याची किंमत किती, हे तुझ्या सरांना मी सांगायची गरज नाही.

रुग्णाला काही होत नाही, पण औषधालाच कुरतडतं, असाही एक वर्ग आहे. माझ्या मते सध्या जास्त डोकं यात जातंय. कॅथेप्सिन डी हे एन्झाइम अँटिबॉडीचे तुकडे करतं, ते त्यातल्या त्यात लवकर पकडता येतं. खरे चिवट म्हणजे लायपेज, चरबीसारखे पदार्थ तोडणारी एन्झाइम. अँटिबॉडीच्या फॉर्म्युलेशनमध्ये पॉलिसॉर्बेट 20 किंवा 80 असतं, प्रोटीनला हवा आणि काचेच्या पृष्ठभागापासून सांभाळायला. लायपेज ते पॉलिसॉर्बेट तोडतं, मोकळी फॅटी अॅसिड्स सुटतात, ती थंडीत विरघळून राहात नाहीत आणि कुपीत कण दिसू लागतात. एलपीएलए2 नावाचं एन्झाइम 1 पीपीएमहूनही कमी असताना हे करू शकतं, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेलं काम आहे. आता सांग, शंभरची मर्यादा इथे काय कामाची?

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आधीच्या एका नोकरीतली गोष्ट, कंपनीचं नाव राहू दे. स्टॅबिलिटीच्या, म्हणजे औषध किती टिकतं याच्या तपासणीतल्या, अठराव्या महिन्याच्या कुप्या 2 ते 8 अंशांतून बाहेर काढल्या होत्या. व्हिज्युअल इन्स्पेक्शनला एक ताई बसायच्या, दहावी शिकलेल्या, पण डोळा असा की कॅमेऱ्याने लाजावं. काळ्या पडद्यापुढे कुपी हलकेच फिरवून म्हणाल्या, "मॅडम, यात अभ्रकासारखं चमकतंय." मला आधी काही दिसलं नाही. त्यांनी कुपी तिरकी केली तेव्हा दिसलं: बारीक, पातळ, प्रकाशात क्षणभर चमकून विझणारे कण. प्रोटीनचे कण असे चमकत नाहीत, ते धाग्यासारखे किंवा ढगासारखे दिसतात. त्या बॅचचं एचसीपी होतं 6 पीपीएम. आम्ही सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या, माझी सगळ्यात वर. पुढचे आठ महिने कुठे गेले ते विचारू नकोस. शेवटी लॉरिक अॅसिड हे फॅटी अॅसिड निघालं, आणि त्याच्या मागे लायपेज, जे एलायझाला कधीच दिसलं नव्हतं.

अशा वेळी मास स्पेक लागतो. पण त्यातही मेख आहे. नमुन्यात 1 पीपीएम प्रोटीन शोधणं म्हणजे आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात दहा लाख वारकरी उभे आहेत आणि त्यातला एक खिसेकापू हुडकायचा. ट्रिप्सिन या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने सगळंच कापलं तर अँटिबॉडीच्या पेप्टाइड्सचा, म्हणजे तुकड्यांचा, एवढा लोंढा येतो की बाकीचं त्यात बुडून जातं. 2017 मध्ये एक साधी आणि मला फार आवडलेली युक्ती प्रसिद्ध झाली. नमुना आधी उलगडायचाच नाही. अँटिबॉडी घट्ट घडीची असते, न उलगडता ट्रिप्सिनला ती फारशी दाद देत नाही. एचसीपी मात्र कापली जातात. मग डीटीटी हे प्रोटीनमधले सल्फरचे बंध तोडणारं रसायन घालून नळी गरम करायची. न कापली गेलेली अँटिबॉडी गोठून तळाशी बसते, सेंट्रिफ्यूज केल्यावर पांढरा गोळा दिसतो, आणि वरच्या पाण्यात एचसीपीची पेप्टाइड्स उरतात. म्हणजे वारकऱ्यांना सांगितलं खाली बसा, आणि जो उभा राहिला त्याला धरलं. पहिल्यांदा केलं तेव्हा त्याच नमुन्यात आधीपेक्षा कितीतरी जास्त प्रोटीन्स दिसली, आणि मी आनंदाने सगळी यादी वरिष्ठांपुढे ठेवली. ते म्हणाले, "यातलं कुठलं घातक आहे?" मी गप्प. यादी मिळवणं सोपं झालंय. तिचा अर्थ लावणं हेच खरं काम. प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न लिहायची सवय लावून घे: हे माणसाच्या प्रोटीनशी किती मिळतंजुळतं आहे, याला एन्झाइमची क्रिया आहे का, आणि प्रत्येक बॅचमध्ये येतं की एखाद्याच?

लायपेजच्या बाबतीत नुसती यादीही पुरत नाही, कारण काही एन्झाइम मास स्पेकला दिसण्याइतकीही नसतात. तिथे क्रिया मोजायची. चमक देणारा सबस्ट्रेट घालून बघणं, किंवा जिवंत एन्झाइमच्याच सक्रिय जागेला चिकटणारे प्रोब वापरून त्यांना ओढून काढणं. शिवाय पॉलिसॉर्बेट स्वतः दर तीन महिन्यांनी मोजलं तरी अठरा महिने वाट बघावी लागत नाही. आम्ही ते मोजत नव्हतो.

मोजणं पुरे, आता काढायचं कसं. तू क्यूसीत असलास तरी हे कळायला हवं, नाहीतर डाउनस्ट्रीमवाले, म्हणजे शुद्धीकरण करणारे, तुला काहीही पटवतील.

सुरुवात बायोरिअॅक्टरमधून होते. पेशींची व्हायबिलिटी, म्हणजे जिवंत पेशींचं प्रमाण, उतरू लागली की पोटातला माल बाहेर सांडतो. टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं उत्पादन, थोडं वाढावं म्हणून दोन दिवस जास्त चालवलेल्या रनने पुढचे पंधरा दिवस घामाघूम केल्याचं मी पाहिलंय. हार्वेस्टमध्ये एचसीपी लाखांच्या पीपीएममध्ये असतं. अँटिबॉडी धरून ठेवणारा प्रोटीन ए कॉलम ते शेकड्यांत किंवा काही हजारांत आणतो, उरलेलं पुढचे कॉलम.

इथे एक समजूत दुरुस्त करून घे. प्रोटीन एच्या इल्युशनमध्ये, म्हणजे धरलेली अँटिबॉडी सोडवताना, जे एचसीपी येतं ते बहुतांशी रेझिनला (कॉलममधल्या मण्यांना) चिकटून येत नाही. नल सेलचं हार्वेस्ट नव्या रेझिनवरून सोडून बघ, फार थोडं धरलं जातं. तेच शुद्ध अँटिबॉडी मिसळून सोड, बरंच जास्त येतं. म्हणजे ही प्रोटीन्स नवरदेवाच्या बाहीला धरून मांडवात शिरतात. पीएलबीएल2 असंच येतं, आणि आयजीजी4 प्रकारच्या अँटिबॉडीबरोबर जास्त. फुटलेल्या पेशींचा क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि हिस्टोनचे गोळे, तोही असाच, आणि आपल्याबरोबर इतरांना ओढतो. म्हणून रेझिन बदलून फारसं साधत नाही. बाही सोडवावी लागते. त्यासाठी इल्युशनच्या आधीचा वॉश महत्त्वाचा: जास्त पीएचचा, मीठ घातलेला, आर्जिनिनचा किंवा कॅप्रिलेटचा. कुठला चालेल हे तुमच्या अँटिबॉडीवर ठरतं. एकीला कॅप्रिलेटने जादू केली म्हणून दुसरीला करेलच असं नाही.

व्हायरस निष्क्रिय करायला इल्युट कमी पीएचला धरून ठेवतात आणि मग पीएच वर आणतात. तेव्हा टाकीत ताकाच्या निवळीसारखा गढूळपणा येतो. नवा ऑपरेटर हमखास घाबरतो. माझ्या पहिल्या बॅचला मीही शिफ्ट इन्चार्जला झोपेतून उठवलं होतं. पण तो गाळ बरेचदा आपल्या फायद्याचा असतो: एचसीपी आणि डीएनए एकमेकांना धरून खाली येतात आणि डेप्थ फिल्टरवर अडकतात. पीएच नेमका किती वर न्यायचा आणि किती वेळ थांबायचं, यावर या एका फुकटच्या पायरीत किती साफ होतं ते ठरतं. घाईने फिल्टर केलं की गाळ पुरता बसलेला नसतो आणि मग तो पुढे सगळीकडे जातो.

त्यानंतर अॅनायन एक्स्चेंज, म्हणजे चार्जवरून वेगळं करणारा कॉलम: अँटिबॉडी न धरता तशीच पुढे जाऊ द्यायची आणि आम्लधर्मी एचसीपी धरायची. कॅटायन एक्स्चेंज, मिक्स्ड मोड, गरज पडली तर हायड्रोफोबिक. यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी लांबवत नाही. एवढंच, की शेवटच्या कॉलमनंतर उरलेलं प्रोटीन हे चार्जमध्ये आणि स्वभावात तुमच्या अँटिबॉडीसारखंच असतं, म्हणूनच ते उरतं. त्याला काढायला आणखी एक तसाच कॉलम लावून उपयोग नाही. काही कंपन्या आता मुळाशीच घाव घालतात: लायपोप्रोटीन लायपेजचा जीन पेशीतूनच काढून टाकायचा. त्या वाटेने गेलेल्या पेशी नीट वाढतात हे दिसलं आहे. पण तुमची सेल लाइन एकदा ठरून गेली असेल तर हा उपाय पुढच्या औषधासाठी.

बायोसिमिलर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण आपल्याकडे बहुतेक जण तेच करतात. मूळ औषधाचं एचसीपी 5 आणि आमचं 8, म्हणजे जवळजवळ सारखंच, असं मला सादरीकरणांत वारंवार दाखवलं जातं. क्लोन (पेशींचा वंश) तुमचा, मीडिया (पेशींचं खाद्य) तुमचा, हार्वेस्टची वेळ तुमची. ते 5 आणि हे 8 वेगळ्याच प्रोटीन्सचे असू शकतात. वर दोन्ही तुमच्याच किटने मोजलेले असतात, आणि ते किट कदाचित दोघांनाही नीट ओळखत नसतं.

तर सोमवारी काय करशील. सरांशी वाद घालू नकोस, त्यांना आलेख दाखव: आडव्या अक्षावर डायल्युशन, उभ्यावर पीपीएम. चढणारी रेघ बघितल्यावर फार थोडे लोक सही कर म्हणतात. व्हॅलिडेशन रिपोर्ट काढून किमान डायल्युशन किती ठरवलं होतं आणि कोणत्या नमुन्यावर, ते बघ. बरेचदा ते सुरुवातीच्या क्लिनिकल बॅचवर ठरलेलं असतं आणि मध्ये प्रक्रिया दोनदा बदललेली असते. प्रत्येक डायल्युशनला स्पाइक रिकव्हरीही लाव, म्हणजे ठरावीक एचसीपी मुद्दाम घालून त्यातलं किती परत मोजलं जातं ते बघ. ती 80 ते 120 टक्क्यांत असेल आणि तरी आकडा चढत असेल, तर नमुन्यातली इतर द्रव्यं आड येत नाहीत हे जवळपास पक्कं झालं, म्हणजे प्लेटवरच्या जागा अपुऱ्या पडण्याचाच प्रश्न.

मग डाउनस्ट्रीमकडून त्याच बॅचचे पाच नमुने माग: हार्वेस्ट, प्रोटीन ए इल्युट, डेप्थ फिल्टरनंतरचा, आणि पुढच्या दोन्ही कॉलमचे पूल, म्हणजे त्यातून गोळा केलेला माल. पाचही त्याच डायल्युशनच्या शिडीवर चालव. हार्वेस्टची रेघ साधारण सपाट येईल, कारण तिथे सगळेच असतात. ज्या पायरीनंतर रेघ चढू लागेल, तिथे बाकीचे गेले आणि तुझा पाहुणा राहिला. तो पूल आणि शेवटचा माल, दोन्ही मास स्पेकला पाठव. स्वतःचं यंत्र नसेल तर बाहेरून करून घेता येतं. नुसता शेवटचा माल पाठवलास तर नाव कळेल, पण ते कुठल्या कॉलमने सोडलं ते कळणार नाही.

आणि नमुने आले की लगेच अर्ध्या मिलिलिटरचे भाग करून उणे 80ला ठेव, प्रत्येक भाग एकदाच वितळवायचा. एकच कुपी चार वेळा वितळवून गोठवलीस तर काही प्रोटीन्स चिकटून बसतात, आकडा उतरतो, आणि तुला वाटेल प्रश्न सुटला.